वावराचा नंबर आणि यंत्राची स्मृति



यवतमाळ जिल्ह्यांत वणीकडच्या एखाद्या खेड्यांत जाऊन ‘बारा नंबरचें वावर कोठें आहे?’ असें विचारलें, तर कोणीहि शेतकरी बोट करून तें दाखवील. तेथून पुसदच्या बाजूस दुसऱ्या एखाद्या गांवीं जाऊन तोच प्रश्न केला, तर तेथेंहि बारा नंबर सांपडेल. परंतु तें वावर निराळें, माती निराळी, मालक निराळा. दोन्ही गांवांत अंक एकच आहे, आणि तरीहि वणीच्या बारा नंबरांतील पऱ्हाटी पुसदच्या बारा नंबरांत शोधावयास कोणी जात नाहीं. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तींत नवल करण्यासारखें कांहीं आहे हेंच आपण विसरून गेलों आहों. आजचा विषय, म्हणजे संगणकाच्या स्मृतींत एका कामाचें दुसऱ्या कामापासून रक्षण कसें होतें हा, दिसावयास शेतीपासून फार दूरचा आहे. पण त्याचें मर्म ह्या बारा नंबरांतच आहे. म्हणून त्याच्या इतिहासास आरंभहि वावरापासूनच करूं.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. त्या काळीं वावराची ओळख बहुधा नांवानें होई : आंब्याचें वावर, नाल्याकडचें वावर, अमक्याच्या आजाचें वावर. अशा ओळखींत एक अडचण असते. नांव आणि ठिकाण हीं दोन्ही सांगणाऱ्याच्या जिभेवर एकत्र राहतात. सांगणारा गेला, आंब्याचें झाड पडलें किंवा नाल्यानें पात्र बदललें, म्हणजे नांव तेवढें उरतें आणि ठिकाणाबद्दल तंटा उभा राहतो.

मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड व विंगेट ह्या अधिकाऱ्यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमीनमोजणीची नवी पद्धति सुरू केली होती. १८४७ च्या संयुक्त अहवालांत तिचे नियम एकत्र करण्यांत आले, आणि पुढें १८६० नंतरच्या वर्षांत तीच पद्धति वऱ्हाडांत आली. शंकु आणि सांखळी घेऊन मोजणीदार गांवोगांव फिरले. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद तो एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हें माप ठरलें. प्रत्येक गांवांत एकपासून आरंभ करून वावरांस क्रमांक दिले गेले, धुऱ्यावर हद्दीचे दगड बसले, नकाशा निघाला आणि नोंदवह्या तयार झाल्या. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळीं वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ सालीं पुसद तालुका त्यास जोडला गेला आणि जिल्ह्याचें नांवहि यवतमाळ झालें.

ह्या मोजणीनें जमीनमहसूल किती वाढला किंवा कमी झाला, हा आजचा प्रश्न नाहीं. आपल्याला पाहावयाचें तें एवढेंच कीं, तिनें तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. एक नांव, म्हणजे क्रमांक. दुसरें ठिकाण, म्हणजे दगडांच्या आंतील प्रत्यक्ष जमीन. तिसरी ह्या दोहोंस जोडणारी वही. ही वही खातेदाराच्या घरीं नसे. ती पटवाऱ्याच्या दप्तरांत असे, आणि तींत फेरफार करावयाचा तर वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी लागे. खातेदारानें जमीन कसावी, पीक घ्यावें, सारा भरावा. वहीवर मात्र त्यानें लेखणी चालवूं नये. शेजाऱ्याच्या वावरांत शिरण्यास धुऱ्याचा दगड अडवीत नाहीं. तो ओलांडणें कोणासहि सोपें आहे. अडवतें तें वहीचें प्रामाण्य, आणि ती वही आपल्या हातीं नाहीं हें सत्य.

आतां यंत्राकडे वळूं. संगणकाची स्मृति म्हणजे सारख्या आकाराच्या खणांची एक लांबच लांब रांग होय. प्रत्येक खणास क्रमांक असतो. त्यासच पत्ता म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं घडविलेलें ‘टिफ्रॅक’ हें यंत्र १९६० सालीं चालूं झालें. त्याच्या स्मृतींत २०४८ खण होते व प्रत्येक खणांत ४० द्विमान अंक मावत. सगळी मिळून ती जागा छापील पुस्तकाच्या चारपांच पानांच्या मजकुराएवढी होती. एका वेळीं एकच काम यंत्रावर चढे, आणि सारी स्मृति त्याचीच असे. गणित मांडणारानें ‘पांचशें क्रमांकाचा खण’ असें लिहिलें, म्हणजे तो खरोखरीचाच पांचशेंवा खण असे. नांव आणि ठिकाण ह्यांत भेदच नव्हता. जेथें शेजारी नाहीं तेथें धुरा कशाला हवा?

शेजारी आला तो काटकसरीमुळें. १९६४ सालीं त्याच संस्थेंत ‘सी. डी. सी. ३६००’ हें पुष्कळ मोठें यंत्र आलें, आणि निरनिराळ्या संस्थांतील संशोधकांचीं कामें त्यावर येऊं लागलीं. अशीं यंत्रें फार महाग असत. आणि चुंबकीय फितीवरून आंकडे येईपर्यंत गणित करणारा भाग रिकामा बसे. ही नासाडी टाळण्यासाठीं जगभर एक उपाय निघाला : एकाच वेळीं स्मृतींत अनेक कामें ठेवावीं, आणि एक थांबलें कीं दुसरें चालवावें. पण त्याबरोबर दोन संकटें उभीं राहिलीं. पहिलें अतिक्रमणाचें : एका कामांत चूक झाली, तर तें दुसऱ्याच्या खणांत जाऊन लिही आणि दोघांचेंहि नुकसान करी. दुसरें ठिकाणाचें : जें काम पांचशेंव्या खणाच्या भरंवशावर लिहिलें आहे, त्याच्या वांट्यास आज नऊ हजारांपासूनची जागा आली, तर तें चालावें कसें?

पहिला उपाय साधा होता. प्रत्येक कामास स्मृतीचा एक सलग पट्टा द्यावा. त्याचा आरंभ आणि त्याची मर्यादा यंत्रांत टिपून ठेवावी. काम जो पत्ता सांगेल त्यांत आरंभ मिळवावा, आणि मर्यादेबाहेर गेलेल्यास अडवावें. ह्यानें दोन्ही संकटें टळलीं. पण तिसरें आलें. कामें येत आणि जात, आणि त्यांच्या पट्ट्यांमध्यें लहान लहान मोकळ्या जागा उरत. सगळ्यांची बेरीज पुरेशी असे, पण सलग जागा कोठेंच नसे. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या वांटण्या होऊन वावराचे तुकडे पडतांना पाहिले आहेत, त्यांना ही व्यथा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

ह्यावरचा खरा उपाय जमीनमोजणीच्या जातीचा आहे. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठांत फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युन्च ह्यांनीं १९५६ च्या आपल्या प्रबंधांत त्याची कल्पना मांडली. आणि इंग्लंडांत मँचेस्टर येथें टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी ह्यांनीं ‘अॅटलस’ यंत्रांत ती प्रत्यक्षांत उतरविली. ७ डिसेंबर १९६२ रोजीं त्या यंत्राचें उद्घाटन झालें. अॅटलसच्या जलद स्मृतींत १६,३८४ शब्द मावत, आणि चुंबकीय पिंपांवर ९८,३०४ शब्द. किलबर्न ह्यांनीं ह्या सगळ्या जागेचे पांचशें बारा शब्दांचे समान तुकडे पाडले आणि त्यांस ‘पान’ हें नांव दिलें. जलद स्मृतींत अशीं ३२ पानें आणि पिंपांवर १९२. काम लिहिणारास मात्र हा भेद कळूं द्यावयाचा नव्हता. त्यानें एकच मोठी, सलग स्मृति आहे असें समजून लिहावें. कोणतें पान प्रत्यक्षांत कोठें आहे हें यंत्रानें पाहावें.

हें घडे कसें, तें ऐका. कामानें एखादा पत्ता सांगितला कीं यंत्र त्याचे दोन भाग करी : पानाचा क्रमांक, आणि पानाच्या आंतील जागा. जलद स्मृतींतील बत्तीस जागांपैकीं प्रत्येकीजवळ एकेक पाटी होती, आणि तेथें सध्यां कोणतें पान आहे हें तिच्यावर लिहिलेलें असे. विचारलेला क्रमांक बत्तीसहि पाट्यांशीं एकाच क्षणीं ताडून पाहिला जाई. जुळला, तर खरें ठिकाण सांपडलें. नाहीं जुळला, तर यंत्र त्या कामास थांबवी आणि स्वतःच्या कारभाऱ्यास हांक मारी. हा कारभारीहि एक लिखित आज्ञावलीच होती. आज तिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतों. कारभारी पिंपावरून हवें तें पान आणी, त्यासाठीं दुसरें एखादें पान बाहेर पाठवी, पाटी बदली, आणि थांबलेल्या कामास पुन्हां चालूं करी. काम झोंपेंतून उठल्यासारखें पुढें जाई. मध्यें काय घडलें ह्याची त्यास वार्ताहि नसे. शिवाय प्रत्येक पाटीवर एक अडसराची खूण असे. ती लावली कीं त्या पानास कोणत्याहि कामाचा हात लागूं शकत नसे.

येथें वऱ्हाडच्या दप्तराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. आपल्या गांव नमुना आठ-अ मध्यें एका खातेदाराच्या नांवें गांवांतील सगळे नंबर एकाखालीं एक लिहिलेले असतात. कागदावर तें एकच खातें. प्रत्यक्षांत एक वावर नाल्यापलीकडे, दुसरें गांवठाणाजवळ, तिसरें टेकडीच्या पायथ्याशीं. पानांच्या वहीचेंहि असेंच आहे. प्रत्येक कामाची वही निराळी. प्रत्येक वहींत पानें क्रमानें लागलेलीं. पण त्या पानांचीं ठिकाणें स्मृतींत चहूंकडे विखुरलेलीं. जागा सलग असावी लागत नाहीं, म्हणून मधले तुकडे वायां जात नाहींत. आणि दोन कामांच्या वह्यांत एकच क्रमांक असला, तरी वणीचा बारा आणि पुसदचा बारा ह्यांप्रमाणें त्यांचीं ठिकाणें निराळीं. शेजाऱ्याच्या स्मृतींत शिरावयाचें तर तिचा पत्ता सांगतां आला पाहिजे. आणि शेजाऱ्याच्या जागेस आपल्या वहींत पत्ताच नसतो. भिंत उंच बांधून हें रक्षण साधलेलें नाहीं; दाराचें नांवच कोणास ठाऊक नाहीं म्हणून तें साधतें.

पुढील दशकांत ही पद्धति सर्वत्र पसरली. १९७२ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं तिची घोषणा केली; १९८५ सालीं इंटेल कंपनीच्या ८०३८६ ह्या चिपेनें ती टेबलावरच्या यंत्रांत आणली. तेथें पान ४,०९६ बाइटांचें झालें. पानें इतकीं वाढलीं कीं एका वहींत सगळीं लिहिणें परवडेना. म्हणून वहीची वही करावी लागली. पहिल्या वहींत १,०२४ नोंदी. त्यांतील प्रत्येक नोंद दुसऱ्या एका वहीकडे बोट दाखविणारी. आणि तिच्यांतहि १,०२४ नोंदी. अलीकडच्या यंत्रांत ह्या पायऱ्या बहुधा चार असतात. जिल्हा, तालुका, गांव आणि मग नंबर, असा शोध घेणाऱ्या माणसास ह्यांत अपरिचित असें कांहींच नाहीं. प्रत्येक नोंदीपुढें अधिकारहि लिहिलेले असतात : हें पान वाचतां येईल कीं त्यावर लिहितांहि येईल, हें सामान्य कामाचें कीं केवळ कारभाऱ्याचें. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ असा भेद असतो. वर्ग २ ची जमीन कसतां येते, पण परवानगीवांचून विकतां येत नाहीं. जागा ताब्यांत असणें आणि तिच्यावर सर्वाधिकार असणें ह्यांतला फरक दोन्ही दप्तरांस ठाऊक आहे.

ह्या कथेंत वऱ्हाडच्या एका सुपुत्राचाहि भाग आहे. यवतमाळहून निघणारी अरुंद मापाची शकुंतला रेल्वे ज्या मूर्तिजापुरास जाऊन मिळे, त्याच तालुक्यांतील मुरंबा ह्या गांवीं १९४६ सालीं विजय भटकर ह्यांचा जन्म झाला. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं तेथें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यांत ट्रान्सप्यूटर नांवाच्या पुष्कळशा चिपा एकमेकींस जोडल्या होत्या. ह्या चिपांत पानांची वही नव्हती, आणि पत्ता बदलून देणारी यंत्रणाहि नव्हती. प्रत्येक चिपेची स्मृति तिच्यापाशीं वेगळी; दुसरीस कांहीं हवें असेल तर तारेवरून निरोप पाठवून मागावयाचें. दोन गांवांमध्यें नदी असली म्हणजे धुऱ्याचें भांडण होत नाहीं, तशांतला हा प्रकार. एका मोठ्या गणिताचे भाग पाडून सगळ्या चिपांस एकाच कामास लावावयाचें असेल, तर अशी मांडणी उत्तम. पण एकाच चिपेवर परस्परांस अनोळखी अशीं अनेक माणसांचीं कामें नांदवावयाचीं असतील, तर वहीवांचून गत्यंतर नाहीं. नंतरच्या परम यंत्रांत वापरलेल्या चिपांत ही वही आली.

मग आतां सर्व सुरक्षित झालें काय? तसें म्हणतां येत नाहीं. वहीचें बळ मोठें, पण तिच्या दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा २०१८ च्या जानेवारींत जगास कळली. वेग वाढावा म्हणून आधुनिक चिपा पुढचें काम आगाऊच करून ठेवतात. तें करण्यास परवानगी होती कीं नाहीं ह्याचा निवाडा मागाहून होतो, आणि नसल्यास केलेलें काम टाकून दिलें जातें. संशोधकांस असें दिसून आलें कीं, टाकून दिलेल्या त्या कामाच्या खुणा मागें राहतात, आणि कोणतें वाचन किती जलद झालें हें मोजून कारभाऱ्याच्या बंद पानांतील मजकूर बाहेर काढतां येतो. ह्या दोषास ‘मेल्टडाऊन’ हें नांव मिळालें. उपाय असा करावा लागला कीं, सामान्य काम चालूं असतांना कारभाऱ्याचीं पानें जवळजवळ सर्व त्या वहींतूनच काढून घ्यावयाचीं. पूर्वीं त्यांपुढें ‘मनाई’ असें लिहिलेलें असे. आतां त्यांचा उल्लेखच राहिला नाहीं. ज्याचें नांव वहींत आहे तें, मनाई असली तरी, कधीं ना कधीं कोणाच्या तरी दृष्टीस पडतें, हा ह्यांतील बोध.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे, आणि यवतमाळच्या शेतकऱ्याशीं तिचा सरळ संबंध येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्याखालीं गांव नमुना सात व बारा मिळून होणारा सातबारा साऱ्या राज्यांत एकसारखा झाला. पीककर्ज असो, खरेदीखत असो कीं वारसाची नोंद असो, सातबाऱ्यावांचून पुढें पाऊल पडत नाहीं. हा सातबारा आतां संगणकांत गेला आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. म्हणजे ज्या वहीनें गेलें दीड शतक वावराचें रक्षण केलें, ती वही आज दुसऱ्या एका वहीच्या, यंत्राच्या पानांच्या वहीच्या, पहाऱ्यांत आहे. बाहेरच्या कामानें येऊन नोंदींवर परस्पर लिहूं नये, ह्याची काळजी तो पहारा क्षणोक्षणीं घेतो.

पण पहारा कशाचा आहे, हें नीट समजून घेतलें पाहिजे. यंत्राची वही एवढेंच पाहते कीं, ज्यास ज्या पानाचा अधिकार आहे त्यानेंच तें उघडावें. पानावर लिहिलेलें खरें आहे कीं खोटें, हें ती विचारीत नाहीं. हस्तलिखित सातबारा संगणकांत उतरवितांना दोन एकर वीस गुंठ्यांचे दोन एकर दोन गुंठे झाले, तर यंत्र त्या दोन गुंठ्यांचेंहि तितक्याच निष्ठेनें रक्षण करील. चुकीची नोंद जितकी सुरक्षित, तितकी ती दुरुस्त करणें अवघड. अशा दुरुस्तीसाठीं २०१७ सालीं गांवोगांव चावडीवाचन झालें. तलाठ्यानें नोंदी मोठ्यानें वाचावयाच्या आणि खातेदारांनीं त्या ऐकून आक्षेप सांगावयाचे. ज्या काळीं नोंद एका क्षणांत कोठेंहि उघडतां येते, त्या काळीं तिचा खरेपणा ठरविण्यास शेवटीं गांवच्या कानांचाच आधार घ्यावा लागला.

कायदे करणारांनीं ही गोष्ट अगोदरच ओळखली होती असें दिसतें. संहितेचें कलम १५७ सांगतें कीं, अधिकार अभिलेखांतील नोंद खरी मानावी. पण त्यास जोडूनच तें म्हणतें कीं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. आणि कलम १५५ प्रमाणें लेखनांतील चूक दुरुस्त करून घेतां येते. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे तीन शब्द यंत्राच्या वहींत कोठेंच नाहींत. तिच्यांत अधिकार आहे किंवा नाहीं, एवढेंच असतें. तक्रार ऐकून घेण्यास तेथें कोणी बसलेलें नसतें. म्हणूनच दोहोंची योग्यता निराळी. यंत्राची वही आपल्याला शेजाऱ्याच्या चुकीपासून वांचवील. लिहिणाराच्या चुकीपासून वांचण्यास माणसांची चावडी लागते.

गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांच्या मागून आलेल्या मोजणीदारांनीं नंबर कागदावर घातला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. उन्हांत उभें राहून त्यांनीं धुऱ्यावर दगडहि रोविला. कागदाबद्दल शंका आली तर दगडापाशीं जावें, आणि दगड हलला असेल तर कागद उघडावा, अशी ती दुहेरी साक्ष होती. आज कागदाच्या जागीं संगणक आला, आणि त्याचें दप्तर पूर्वींच्या कोणत्याहि दप्तरापेक्षां अधिक सुरक्षित आहे ह्यांत संशय नाहीं. परंतु त्यामुळें दगडाचें काम संपलें असें कोणीं समजूं नये. सातबारा हातीं आल्यावर तो तसाच घडी करून ठेवूं नये. क्षेत्र, नांव आणि इतर अधिकाराचा रकाना वाचून पाहावा, आणि तो घेऊन एकदां वावराचा धुरा फिरून यावा.